ड्रायर भिंतीला चिकटलाच पाहिजे

३ मार्च
घराचं बांधकाम झपाट्याने चाललंय. श्रेय माझ्या देखरेखीला. आज मोठा निर्णय : कपडे वाळवायचा ड्रायर आईच्या खोलीलगतच्या कोनाड्यात, भिंतीला अगदी चिकटून बसणार. कोनाडा उथळ, तेवढी आईची खोली मोठी. वॉकर घेऊन ऐसपैस फिरेल. इतकी वर्षं धाकट्या भावाकडे राहिली, आता माझ्याकडे येणार, कायमची. धाकट्याला म्हणावं, खोली अशी असते.

५ मार्च
बायको मशीनचं माहितीपत्रक वाचत बसली. म्हणे, अहो, मागून गरम हवेचा पाइप निघतो, तो चेपला तर धोका. भिंत उघडी आहे तोवर आत पत्र्याची पेटी बसवून घ्या, पाइप पेटीत वळेल आणि सरळ बाहेर जाईल. मी हसलो. पेटीत काय, दागिने ठेवायचेत? कंत्राटदाराला विचारलं. म्हणाला, साहेब म्हणतील तसं. जाणकार माणूस.

२० मार्च
प्लॅस्टर झालं. भिंत गुळगुळीत. पेटी नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

२ मे
राहायला आलो. धाकटा आईला सोडून गेला. तिच्या खोलीत दोन चकरा मारल्या, गप्प होता. जळला असणार. आई म्हणाली, केवढी रे खोली! मला भरून आलं. कोणाला दिसू दिलं नाही.

४ मे
ड्रायर आला. भिंतीपासून चार बोटं पुढे राहतोय. पाइप आडवा येतो. खांदा लावून रेटला. चिकटला! सगळ्यांना बोलावून दाखवला. आई कौतुकाने बघत होती. बायको नुसतीच बघत होती.

६ मे
चादरी दोनदा फिरवून ओल्याच. चादरी फार जाड आहेत.

९ मे
रुमालही ओले. पाण्यातच दोष असावा.

११ मे, दुपारी
करपल्याचा वास. मशीन ओढून पाहिलं. पाइप चपटा, कपड्यांतून सुटलेला कापूस आत ठासून भरलेला. बोटाला चटका. बायको ओरडली, घर पेटवायचंय का? बायकांचा स्वभावच घाबरट. बटण मात्र मीच बंद केलं. धावत जाऊन.

१३ मे
सुचलं! ड्रायरच्या बाजूनेही पाइप निघतो. मधल्या भिंतीला भोक पाडायचं आणि हवा आईच्या खोलीत सोडायची. पाइप वीतभर, वळण नाही, आईला फुकटात ऊब. बायकोने कपाळावर हात मारला. कापूस अडवायला पाइपच्या तोंडाला माझा जुना मोजा बांधला. धुतलेला.

१४ मे
चादरी खडखडीत! कोण चुकत होतं? आईच्या चष्म्यावर वाफ धरली. ती हसली.

२२ मे
आईच्या कपाटामागे काळे डाग. आईला खोकला. हवा बदलतेय, सगळ्यांनाच आहे. घरात दुसऱ्या कोणाला नाही, इति बायको. तिला खुसपट काढायची सवयच आहे.

२६ मे
उशीवर, औषधांच्या बाटल्यांवर, वॉकरवर पांढरी लव. आई फडक्याने पुसत होती. मी म्हटलं, तेवढाच व्यायाम. भिंतीपलीकडून खोकला ऐकू येतो. लक्ष द्यायचं नाही असं ठरवलंय. जमत नाही.

३० मे
डॉक्टर म्हणाले, खोलीत ओल धरलीय, यांना इथे ठेवू नका. मी उबदार हवेचे फायदे समजावून सांगितले. ते उरलेलं सगळं बायकोशीच बोलले. आई म्हणाली, अरे, जाऊन येते धाकट्याकडे थोडे दिवस. मी म्हटलं, थोडेच हं. म्हणाली, हो रे बाळा. थोड्या दिवसांसाठी सगळे स्वेटर कशाला नेले, कळलं नाही.

६ जून
बायकोने परस्पर कंत्राटदाराला बोलावलं. भोक बुजवा, भिंत फोडून पेटी बसवा. तो लगेच, वहिनी म्हणतील तसं! सरडा. माझं प्लॅस्टर फोडू देईन? नाव नको. आणि मशीन पुढे ओढून ठेवावं तर समोरच्या बाथरूमचं दार उघडत नाही. मी तोडगा काढला. एक अख्खी खोली रिकामी पडलीय, तिला बाहेरची भिंत आहे. बायको उठून स्वयंपाकघरात गेली. म्हणजे पटलं.

८ जून
काम फत्ते. पाइप थेट बाहेर, मशीनमागे हात फिरेल एवढी मोकळीक. कपडे पहिल्याच फेरीत कोरडे. तडक आईला फोन लावला. खोकला पार थांबलाय म्हणाली. म्हटलं, मग ये आता, सगळं दुरुस्त केलंय. तिने विचारलं, मशीन कुठे ठेवलंस? म्हटलं, तुझ्या खोलीत.

आई म्हणाली, बरं केलंस रे, तिथे त्याची अडचण होणार नाही.

मी हो म्हटलं.