होडीचा निळा रंग

अंजूर
११ डिसेंबर २००५

चि. उन्नतीस आजी पुतळाबाईचा आशीर्वाद.

हितेशच्या लग्नाला आलीस तेव्हा चष्मा विसरून गेलीस, एक चप्पल विसरलीस. आजीला विसरायचं तेवढं राहिलं होतं, तेही पंधरा दिवसांत जमवलंस. पुण्याच्या कॉलेजात हेच शिकवतात का गो? मी सांगतेय, तुझी आई निशा लिहितेय. मधलं काही गाळेल म्हणून परत वाचून घेते.

इकडे बरं आहे. नवी सून चहात साखर घालायला विसरते, हितेशला तो गोड लागतो. तिसऱ्या गोदामाला भाडेकरू मिळाला.

अय्यूबभाईंकडून घेतलेल्या तुझ्या जुन्या गिटारीबद्दल सांगायचं होतं. मी म्हटलेलं, नवी घे. तू म्हणालीस, "आजी, अय्यूबचाचांनी वीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलीय, अशी नवी मिळत नाही." त्यांचा हात घासून लाल रंग उडालेला, तिथं तू बोट फिरवून दाखवलंस. मला आपलं कुणाचं तरी टाकलेलं दिसलं.

हळदीच्या दिवशी तू मेंदी काढायला भिवंडीत गेलीस. गिटार खाटेवर. शेजारची गुणाबाई बघून म्हणाली, "पुतळे, एवढी गोदामं नि पोरीला भंगार?" बाया हसल्या. मीही हसले.

गावातला तुळशीराम खाडीवर आपली होडी निळी रंगवत होता. त्याला मीच बोलावलं, म्हटलं, गिटारीलाही हाच रंग मार.

निशाचा हात थांबला. तिलाही आत्ताच कळतंय. लिही गो.

तो म्हणाला, "वहिनी, पोरीला इचारलंस ना?" मी म्हटलं, तिनंच सांगितलंय. म्हणाला, "तारा काढू?" मी म्हटलं, कशाला, रंगव वरनंच. दोन हात मारले त्यानं. बटणंसुद्धा चिकटली.

तू आलीस, मंडपात सगळ्यांसमोर त्याला म्हणालीस, "अक्कल आहे का तुम्हाला?" तुझ्या आजोबांच्या बरोबरीचा माणूस. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी तांदूळ निवडत होते. निवडलेलेच परत निवडत बसले. तो ब्रश उचलून न जेवताच गेला. लग्नालाही आला नाही.

परवा तू मागं टाकून गेलेली गिटार घेऊन अय्यूबभाईंकडे गेले. त्यांनी बघितली, लाल रंग उडालेली जागा होती तिथं हात फिरवला. म्हणाले, "अम्मा, रंग तो उतर जाएगा." नि चहा मागवला. तो तसाच ठेवून मी उठले.

काल तुळशीरामच्या दारात गेले. म्हटलं, सगळ्यांना खरं सांगते. तो म्हणाला, "माझं जाव दे. पोरीला सांग."

म्हणून हे सांगितलं. माझ्यावर हवं तेवढं रागव. त्याला मात्र तुझ्या हातानं दोन ओळी लिही, नि पुण्याहून आंबाबर्फी पाठव. त्याला दात नाहीत, मऊ बघून घे. पुड्यावर त्याचंच नाव घाल. माझ्यासाठी काही पाठवू नकोस.

तुझी आजी
(अंगठा)