सनदेआधी कोटाचं माप

अहो,

दुपारी बारापर्यंत माझं रोजचं मौन, म्हणून दुकानात फोन न करता लिहून ठेवते. धाकटीच्या वकिलीच्या परीक्षेचा निकाल लागला. तिसऱ्या खेपेला का होईना, पास झाली आपली लेक! मला गदागदा हलवून म्हणाली, "आई, आज तरी बोल की गं!" मी तिचं तोंड कुरवाळलं, डोळे काही थांबेनात. आता सनदेचा अर्ज द्यायला आम्ही दोघी निघालोय. जेवण झाकून ठेवलंय, भाजी तेवढी गरम करून घ्या.

कपाटामागे दडवलेला काळा कोट मी कधीच पाहिलाय. जन्मभर परक्या वकिलांचे कोट शिवलेत, हा घरचा. गेल्या निकालाला "आता पुरे" म्हणून तिला तोडून बोललात आणि तरी त्याची काजं करत बसलात. पण माप तिच्या जुन्या कुर्त्यावरून घेतलंत, अभ्यासापायी पोर अर्धी झालीय. संध्याकाळी तिला समोर उभी करून माप घ्या, म्हणजे बोलावंच लागेल.

माझं मौन बाराला सुटतं. तुम्हा दोघांच्या मौनाला वर्ष झालं, ते आज सोडा.

वकीलबाईंची आई