कॉलरखालची गाठ आणि माझ्या गुणी पेशी

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (बसल्या जागेवरूनच घालते आहे, प्रयोगशाळेच्या फरशीवर काय काय सांडलेलं असतं ते मला ठाऊक आहे.) तुमची तब्येत कशी आहे हे विचारणार नाही, कारण तुम्ही ठणठणीत म्हणाल, आणि मामींनी मला फोनवर वेगळंच सांगितलं आहे. मानेवर सुपारीएवढी गाठ, चार महिने झाले, आणि तुम्ही उंच कॉलरचे शर्ट शिवून ती झाकली आहे म्हणे. शिंपी असण्याचा असा फायदा घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दुखत नाही म्हणजे काही नाही, हा तुमचा निकालही कळला. म्हणून आधी माझीच फजिती सांगते, म्हणजे उपदेश केल्यासारखं वाटणार नाही.

भाची शास्त्रज्ञ आहे असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगता. खरं म्हणजे मी पेशींना खाऊ घालते. काचेसारख्या चपट्या डब्यांत माणसाच्या पेशी असतात, दर दोन दिवसांनी त्यांचं गुलाबी पाणी बदलायचं आणि डबे उबेच्या कपाटात परत ठेवायचे. माझ्याकडे दोन बिऱ्हाडं आहेत, एक त्वचेच्या साध्या पेशींचं आणि एक कॅन्सरच्या पेशींचं. साध्या पेशी फार मर्यादशील. वाढ म्हटल्याशिवाय वाढत नाहीत, शेजारणीला धक्का लागला की थांबतात, तळ भरला की गप्प बसतात. एका पेशीच्या दोन, असं ठरावीक वेळा झालं की म्हाताऱ्या होतात, आणि आत दुरुस्त न होणारा बिघाड झालाच तर बहुधा कुणाला त्रास न देता स्वतःच संपतात. (मामा, आपल्या घरात इतकं समजूतदार कुणीही नाही. मला धरून.) कॅन्सरच्या पेशींना यातलं काहीच मान्य नाही. कुणी सांगो न सांगो, वाढतात. शेजारीण आडवी आली तर तिच्या अंगावर चढतात. मरायची वेळ झाली तरी जागा सोडत नाहीत. शरीरात असल्या तर स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतात, आणि पुढे दुसऱ्याच अवयवात जाऊन संसार थाटतात. वाईट याचं वाटतं की त्या परक्या नसतात. आपल्याच एखाद्या पेशीनं ऐकणं सोडलेलं असतं.

तर गेल्या महिन्यात माझ्या साध्या पेशींनी अचानक मनावर घेतलं. आठवड्यात भरणारा डबा तीन दिवसांत भरू लागला. मी हुरळून गेले. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी बैठकीत कौतुक केलं, दोन विद्यार्थ्यांना माझ्या हाताखाली शिकायला बसवलं, आणि मी त्यांना गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की पेशींशी प्रेमानं वागावं लागतं. (खरंच सांगितलं. आता ते दोघे जिन्यात भेटले की मी पायऱ्या मोजते.) मग एका दुपारी शेजारच्या टेबलावरचे काका, जे दोन महिन्यांनी निवृत्त होणार आहेत, सहज माझ्या मायक्रोस्कोपात डोकावले आणि म्हणाले, "अगं, या तर एकमेकींच्या डोक्यावर बसल्यात!" झालं होतं असं, की कॅन्सरच्या डब्यात बुडवलेली नळी मी न बदलता गुलाबी पाण्याच्या बाटलीत घातली होती, आणि दोन्ही बिऱ्हाडांना बाटली एकच. थेंबाबरोबर चार आगाऊ पेशी गेल्या आणि काही आठवड्यांत त्यांनी गुणी मंडळींना पार हुसकावलं. मी रोज बघत होते हो. पण किती वाढलं एवढंच बघत होते, कसं वाढलं ते नाही. सगळे डबे टाकून द्यावे लागले. मॅडम ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं.

सांगायचं हे, की माझ्या डब्यानंही कधी कण्हून दाखवलं नाही. बिघडलेल्या पेशी सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाहीत. पुष्कळ गाठी साध्या निघतात, तुमचीही निघेल. पण ते गाठीतल्या चार पेशी सुईनं काढून काचेवर घेऊन बघितल्यावर ठरतं, कॉलर उंच करून नाही. मला तुमची काळजी वाटते, मामा. रात्री उशीला डोकं टेकलं की तुमची मानच डोळ्यांपुढे येते.

मामींना नमस्कार.

तुमची,
सध्या पुष्कळच नम्र झालेली भाची

ता. क. बुधवारी अकराची डॉक्टरांची वेळ तुमच्या नावानं घेतली आहे. सुई बारीक असते. त्याहून जाड सुया तुम्ही रोज स्वतःच्या बोटात टोचून घेता.

ता. क. २. मामींवर चिडू नका. त्यांनी चहाडी केली नाही, मीच खोदून खोदून विचारलं.

ता. क. ३. हे लिहू की नको करत पाकीट दोनदा उघडलं. बुधवारी सव्वाअकराची वेळ माझी आहे. काखेत आहे, सहा आठवडे झाले, घरात कुणालाही सांगितलेलं नाही. वरचं सगळं ठाऊक असून मी दोनदा वेळ घेतली आणि दोनदा फोन करून रद्द केली. तुम्ही बाकावर शेजारी बसला असाल तर मला पळून जाता येणार नाही. याल ना?