पौर्णिमेचा साखरपुडा

२ फेब्रुवारी, सोमवार

कालचं क्रमाने लिहिते. मत नंतर.

१. माझा साखरपुडा. सिल्वासा, टोकरखाडा, आमच्या सोसायटीचा हॉल. वेळ सकाळी ११.
२. आमची माणसं ६४. पैकी २२ अमळनेरहून रात्रभर प्रवास करून आलेली.
३. नितेशकडची माणसं ९. आठ बायका, एक आजोबा. त्याचे वडील नाहीत. काका तीन, मामा दोन. पाचांपैकी एकही नाही.
४. नितेश (यापुढे नि.) १२:५० ला पोचला. बाह्या कोपरापर्यंत ओल्या.
५. आमच्यात सुपारी फुटल्याशिवाय अंगठी नाही, आणि सुपारी फोडायला मुलाकडचा काका किंवा मामा लागतो. आजोबांना पाटावर बसवून पाहिलं. त्यांना ऐकू येत नाही. भटजींनी गोत्र विचारलं, ते म्हणाले, "जेवतो ना, जेवतो."
६. पप्पांनी नि.च्या आईला विचारलं, माणसं कुठे आहेत. काकी (नि.च्या आईला मी काकी म्हणते) म्हणाल्या, "उधाण आहे ना. बोटी गेल्या."
७. पप्पांनी सुपारी उचलून परत ताटात ठेवली. म्हणाले, माणसं येतील तेव्हा बघू.
८. जेवणं झाली. जिलेबी उरली.
९. अंगठी आईच्या कपाटात.

मत: अजून तयार नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

लॅबमध्ये गेले. सहा प्रेशर गेज, दोन तापमापक तपासले. सगळं वेळेत.

सोनल शेजारच्या टेबलावर बसते, वापीची. सकाळीच हात धरून बोट बघितलं. "अंगठी कुठे छे?" म्हटलं, राहिली. "राहिली म्हणजे? बसमध्ये?" म्हटलं, नाही, तशी नाही राहिली. मग तिने तिच्या डब्यातला ढोकळा माझ्या झाकणात ठेवला. मी खाल्ला. सहानुभूतीचा होता हे कळलं, तरी खाल्ला.

रात्री जेवताना पप्पा आईला म्हणाले: "पाच काका-मामा. एकले बी टाईम नही? त्यासना मनमाच नही शे हाई लगन." आई नि.ची बाजू घेत म्हणाली, "पोऱ्या तर उना ना." पप्पा म्हणाले, "पोऱ्या लगनले येईन, मंग काय नवल?"

तारीख कशी ठरली ते आठवून पाहिलं. पप्पांनी पंचांग काढलं. रविवार, सगळ्यांना सुट्टी, वर पौर्णिमा, चांगला दिवस. नि.ला फोन केला, स्पीकरवर. मी समोर बसले होते. तो म्हणाला, "चालेल." मध्ये साधारण तीन सेकंद गेले होते. तेव्हा नेटवर्क वाटलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

नि.चा फोन, दुपारी. तो त्यांच्या गावच्या बर्फाच्या कारखान्यात मशीन सांभाळतो. आमची ओळखही त्यातूनच: त्यांचा तापमापक आमच्याकडे तपासणीला आला होता, तीन अंश खोटं दाखवत होता, आणि तो स्वतः घ्यायला आला होता. ("तीनच ना? मग चालतंय की." मी नाही म्हटलं. तो हसला. तेव्हापासून.)

आजचं, आठवेल तसं:

"पुनवेला उधाण असतं हे तुला माहीत होतं?"
"आमच्यात शेंबड्या पोरालापण माहीत असतं."
"मग चालेल का म्हणालास?"
"तुझे पप्पा म्हणाले सगळ्यांना सुट्टी आहे. कसा नाही म्हणू?"
"नाही म्हणून."
"तुला सोपं आहे गं."

सोपं नाही. पण सांगितलं नाही.

रविवारी त्यांच्या गावी जायचं ठरवलं. एकटीच. घरी सांगितलं, सोनलकडे. हे खोटं नोंदवून ठेवते.

८ फेब्रुवारी, रविवार

सिल्वासा ते भिलाड इको गाडी, पुढे रिक्षा, मग चालत. एक तास पस्तीस मिनिटं. रोज जाऊन-येऊन तीन तास दहा. हा हिशोब मी का केला माहीत नाही. कोणी विचारला नव्हता.

याआधी फक्त नि.सोबत सुरूच्या झाडांपर्यंत आले होते. आज पहिल्यांदा घरापर्यंत. ऊन एवढं की डोळे उघडता येईनात. एका बाजूला सुरतेकडची सहलीची माणसं, शहाळी, भजी, पाण्यात जीन्ससकट उतरलेल्या मुली. दोनशे पावलांवर बांबूंच्या उंच मांडवांना बोंबील टांगलेले, हजारो, तोंडात तोंड अडकवून. सहलीची माणसं नाकाला रुमाल लावून फोटो काढत होती. मी रुमाल लावला नाही. पण लावावासा वाटला.

काकी ओट्यावरून ओरडल्या, "ये गो बाय, उनात काय उभी!" जणू मी रोजच येते.

तिघेही काका घरी. अंगणात जाळं शिवत होते. मोठे काका आधी बोलले, मी विचारायच्या आधी. "आलो नाय आम्ही. राग आला असेल तुझ्या बापाला." मग समजावलं. यांचं डोलीचं जाळं समुद्रात खुंटाला बांधलेलं असतं. पाण्याला ओढ असेल तरच त्यात मासळी जाते. पुनव आणि अमावास्येला ओढ मोठी, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी मरतं, तो भांग. तेव्हा बोटी किनाऱ्याला, माणसं घरी, आणि लग्नं, साखरपुडे, भांडणं सगळं तेव्हाच.

"पुनवेला आमच्यात कोण मयत झालं तरी खांदे शोधावे लागतात," धाकटे काका म्हणाले. काकी म्हणाल्या, "गप रे मेल्या, पोरगी पहिल्यांदा आली."

मी म्हटलं, आधी सांगायचं होतं.

मोठे काका सुई थांबवून म्हणाले, "विचारलं कोणी? नितेश बोलला, सिल्वासाच्या लोकांनी ठरवून टाकलंय, आता बदलत नाय."

आमच्याकडे कोणी ठरवून टाकलं नव्हतं. पप्पांनी विचारलं होतं. मी समोर होते.

नि. तेव्हा कारखान्यात होता. पप्पांनी विचारलं होतं, हे मी कोणाला सांगितलं नाही. चहा प्यायले.

मग काकींनी वर नेलं. गच्चीवर नवीन खोली बांधतायत. अर्धा गिलावा झालाय. पश्चिमेला मोठी खिडकी, चौकट बसवलेली, काच नाही. समोर सगळा समुद्र. "तो बोलला, तुला समुद्र आवडतो." मी असं कधी म्हटलेलं नाही. एकदा म्हटलं होतं की समुद्र मोठा आहे.

"आणि तू कामाला कंटाळलीस, लग्नानंतर सोडणार, हेपण बोलला. बरं आहे बाय. एवढ्या लांबून कोण धावेल रोज."

पप्पांना त्याने दिवाळीत काय सांगितलं ते मला शब्दशः आठवतं. मीच चहा आणून दिला होता. "तिचं काम चालू राहील. टोकरखाड्यात खोली घेऊ, मी मोटारसायकलने येऊन-जाऊन करीन." पप्पांचा होकार त्या वाक्यावर आहे.

काकी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. हात गिलाव्याचे, पांढरे. मी म्हणायला हवं होतं की मी काम सोडणार नाही. चार शब्द.

मी म्हटलं, "बघू."

नि. परत आला तेव्हा काका जवळ बसलेले, काकी ताट वाढत होत्या. सुरमई. तो माझ्याकडे बघून हसला, मी इथे बसलेली पाहून त्याला खरंच आनंद झाला होता. तेवढं खोटं नव्हतं. भिलाडपर्यंत मोटारसायकलने सोडायला आला. रस्ताभर मागे बसून काही विचारलं नाही. वाऱ्याने ऐकू आलं नसतं हे कारण लिहिता येईल, पण तो रेल्वे फाटकाजवळ दहा मिनिटं थांबलाही होता.

खिडकी चांगली आहे. हेही लिहायला हवं. बिनकाचेच्या चौकटीत पाच मिनिटं उभी होते आणि त्या पाच मिनिटांत एकही आकडा डोक्यात आला नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

आईला खरं सांगितलं, कुठे गेले होते ते. तिने पप्पांना सांगितलं. मग पप्पांनी मला बोलावलं. ओरडतील वाटलं.

उधाण, भांग, डोल, सगळं सांगितलं. कागदावर रेघ काढून दाखवली, पंधरा दिवसांत पाणी कसं वर-खाली होतं ते. पप्पा बावीस वर्षं मसाटच्या धाग्याच्या कारखान्यात आहेत, दर आठवड्याला पाळी बदलते. रेघ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे त्यासनी शिफ्ट शे."

हो म्हटलं.

"मंग आधी सांगाले काय व्हयनं व्हतं? मी काय शिफ्टवाला माणूस नही?"

स्वतः काकींना फोन केला. दोघं अर्धा तास बोलले, ते मराठीत अहिराणी घालून, त्या त्यांच्या किनाऱ्याच्या बोलीत, आणि मधूनमधून दोघंही हिंदीत. हसण्याचा आवाजही आला. पुढच्या भांगाचा मंगळवार ठरला, २४ तारीख. पप्पा रजा टाकणार. हॉलवाल्याला येत्या रविवारी पक्कं कळवायचं.

आईने अंगठीची डबी काढून पुसली.

घरात सगळ्यांचं मिटलं. माझं काय आहे, मला नीट मांडता येत नाहीये.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मांडून पाहते.

त्याने पप्पांना एक सांगितलं, काकींना दुसरं. दोघांना जे ऐकायचं होतं ते. वाईट हेतू नसावा. पण मग मला आजवर जे सांगितलं, त्यातलं माझ्या तोंडाकडे बघून किती?

दुसरी बाजू. मीही काकींना "बघू" म्हटलं. मीही सोनलकडे जाते म्हटलं. म्हणजे मी वेगळी आहे का? चार शब्द होते.

तिसरं. तो म्हणाला, खोली इथे घेऊ, मी येऊन-जाऊन करीन. उधाणाला बर्फ रात्रंदिवस लागतो. महिन्यातून दोन वेळा तो येऊच शकणार नाही. हे त्याला माहीत होतं. हे मला रविवारी कळलं.

चौथं. मला लॅब हवी. पक्कं. मला ती खिडकीही... इथे वाक्य पूर्ण होत नाही.

सोनलला थोडं सांगितलं. ती म्हणाली, "अरे पूछ ने सीधा. इतना सोचेगी तो वो बुड्ढा हो जायेगा." मग म्हणाली, "और हाँ बोल दिया तो? तुझे पता है तुझे क्या चाहिए?"

गेज उचललं आणि कामाला लागले. रीडिंग दोनदा चुकीचं लिहिलं. खोडून सही केली, नियमाप्रमाणे.

११ फेब्रुवारी, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत, १:१०. नि.ला पाठवलं. फोनवर नाही, लिहून. फोनवर त्याचा आवाज ऐकला की मी हो म्हणते, हे आता माहीत आहे. प्रत इथे ठेवते.

"नितेश,

तू पप्पांना सांगितलंस की माझं काम चालू राहील आणि आपण टोकरखाड्यात राहू. काकींना सांगितलंस की मी काम सोडणार आणि गच्चीवरच्या खोलीत राहणार. पहिलं मी स्वतः ऐकलंय, दुसरं काकींच्या तोंडून. मी काकींसमोर गप्प बसले, ती चूक माझी. त्यांना मी येऊन सांगेन.

मी काम सोडणार नाही. कुठे राहायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ती खोली मला आवडली. रोज तीन तास प्रवास झेपेल का, माहीत नाही. हे सगळं खरं आहे आणि एकमेकांत बसत नाही, तरी तुला जसंच्या तसं देते आहे.

तुझं काय आहे ते मला हवंय. मला बरं वाटावं म्हणून नाही, पप्पांना नाही, काकींना नाही. तुला कुठे राहायचं आहे, आणि मी काम करत राहिले तर तुला ते खरंच पटतं का. उत्तर मला नको असलेलं असलं तरी लिही. काय ते कळल्यावर मी काय करेन, हे मला आज सांगता येत नाही.

रविवारी हॉलवाल्याला कळवायचं आहे. त्याआधी मला घरी बोलावं लागेल. शुक्रवारी, १३ तारखेला, संध्याकाळी सहापर्यंत लेखी उत्तर पाठव."