बुधवारचा शिक्का

प्रिय वहिनी,

काल शनिवारी मी पोलिसांकडे नवा जबाब दिला. चौतीस वर्षांपूर्वीचा माझा जबाब चुकीचा होता. येत्या गुरुवारी त्यांची अधिकारी बाई तुझ्याकडे येणार आहे. ती बोलायच्या आत तुला माझ्याकडून कळायला हवं, म्हणून लिहिते आहे. फोन केला असता, पण फोनवर तू ‘बरं, बरं’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्र तू वाचशील. कॉलेजात माझ्या वह्या तू माझ्याआधी वाचून मोकळी व्हायचीस, आणि वर माझं अक्षर किड्यामुंग्यांसारखं आहे म्हणायचीस. आता तर हातही थरथरतो, तेव्हा सावकाश वाच. शेजारची नर्स उद्या तुमच्या बाजूला जाते आहे, तिच्या हाती देते.

जुन्या, न सुटलेल्या प्रकरणांच्या फायली पुन्हा काढल्या आहेत आणि आपल्या खारूची, तुझ्या लेकीची, फाईल या बाईच्या वाट्याला आली. वय असेल तीस-एकतीस, म्हणजे खारू नाहीशी झाली तेव्हा ही जन्मलीही नव्हती. माझ्याकडे आली, चहा नको म्हणाली आणि दिल्यावर दोन कप प्यायली. मग तिने माझ्या जुन्या जबाबाची प्रत पुढे ठेवली. त्यात माझंच वाक्य होतं: पुस्तक बुधवारी परत आलं, शिक्का बुधवारचा आहे, आणि आमच्या वाचनालयात शिक्का चुकत नाही. अक्षर काय ठसठशीत होतं तेव्हा. तिने ते वाचून दाखवलं आणि एकच विचारलं.

“तुमचा दिवस किती वाजता संपायचा?”

मी म्हटलं, सहाला. तर म्हणाली, सहाला वाचनालय बंद व्हायचं, ते माहीत आहे. मी दिवसाचं विचारते आहे. तिचे वडील टपाल कचेरीत होते. शेवटची थैली रवाना झाली की ते शिक्क्यावर पुढची तारीख चढवायचे, मग खिडकी आणखी अर्धा तास उघडी का असेना. हे ती लहानपणापासून बघत आली होती. इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी मला इतकं विचारलं, पण हे कोणी विचारलं नव्हतं. मी चष्मा काढून पुसला. मग सांगितलं.

तुलाही सांगते. वाचक मला पाठीमागे घड्याळबाई म्हणायचे, हे तुला ठाऊक आहे. दादा तर म्हणायचा, हिला बघायला आलेला मुलगा पाच मिनिटं उशिरा आला म्हणून ही त्याला पायरीवरूनच परत पाठवेल. सहाच्या ठोक्याला मला कुलूप लावायचं असे. त्यासाठी दिवसभराची देवघेव मोजून नोंदवही मिटवावी लागे, आणि त्याला अर्धा तास जाई. म्हणून साडेपाचला मी शिक्क्याची चाकं फिरवून दुसऱ्या दिवसाची तारीख लावायची आणि आतल्या खोलीत वही घेऊन बसायची. साडेपाच ते सहामध्ये आलेली पुस्तकं बाहेर शिपाईदादा घेत, आणि त्यांच्यावर उद्याची तारीख पडे. ती उद्याच्या मोजणीत धरायची. मुदतीनंतर एक दिवस दंड नसे, त्यामुळे कोणी कुरकुर केली नाही. नियमात हे कुठेच नव्हतं. माझी सोय होती. दहा वर्षं असंच चाललं होतं, त्यामुळे ती सोय आहे हेही मी विसरले होते.

आता त्या आठवड्याचं तूच बघ. तू पहिल्या दिवसापासून सांगत होतीस की मंगळवारी संध्याकाळी तुमचं भांडण झालं. ती रागाने पुस्तक काखेत मारून निघाली, म्हणाली, पुस्तक देते आणि आत्याकडे जाते. नेहमीसारखी माझ्याकडे राहिली असेल म्हणून तू रात्रभर काळजी केली नाहीस. भांडण झालं की ती माझ्याकडेच यायची. तुझ्याबद्दल तक्रारी करायची, माझ्या पेन्सिली कुरतडायची, आणि सकाळी तुझ्याच हातची पोळी हवी म्हणून घरी पळायची. बुधवारी सकाळी मात्र ती आली नाही. मी तिला परस्पर शाळेत पाठवलं असेल, असं तू धरलंस. संध्याकाळी तिचा स्वेटर घेऊन तू माझ्या दारात आलीस आणि ती आत नव्हती, तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला आहे. तो चेहरा खोटं बोलणाऱ्या बाईचा नव्हता. मला हे त्याच क्षणी माहीत होतं, आणि तरी चार दिवसांनी मी पोलिसांना शिक्का दाखवला.

शिपाईदादांनाही विचारलं होतं. ते म्हणाले, मुली ढीगभर येतात, कोण कधी आली काय सांगू, पण बाईंचा शिक्का म्हणजे शिक्का. बुधवारी दुपारी मी समितीच्या बैठकीला गेले होते आणि देवघेवीवर तेच होते, त्यामुळे ती तेव्हा आली असणार, असं सगळ्यांनी धरलं. मीसुद्धा.

मग पोलिसांचं गणित सरळ झालं. मुलगी रात्रभर कुठेतरी राहिली आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे पुस्तक परत करून गेली, म्हणजे आपल्या मर्जीने गेली. अशा मुलीला किती शोधायचं? नाहीतर ती मंगळवारी घरीच होती, आणि मंगळवार म्हणणारी आई काहीतरी लपवते. दादा तेव्हा लिफ्ट बसवायच्या कामावर परगावी होता. तो परत आला तो हे सगळं ठाण्यात ऐकूनच घरी आला. माझ्यासमोर त्याने तुला विचारलं होतं, “तुझ्याकडचा एक दिवस कुठे गेला, तेवढं सांग.” तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली बघितलं. त्या वेळी मला खरंच वाटत होतं की तू घाबरून वार विसरली आहेस. एवढंच काय ते माझ्या बाजूने म्हणता येईल, आणि तेही तीन महिन्यांपुरतंच.

तीन महिन्यांनी, एका साध्या मंगळवारी, साडेपाचला मी चाक फिरवलं आणि बुधवारची तारीख पुढे आली. माझा हात तिथेच थांबला. मी खुर्चीवर बसले. शिपाईदादा आत डोकावले, बरं नाही का विचारलं. मी म्हटलं, काही नाही, शाईची गादी वाळली आहे. दुसऱ्या दिवसापासून मी तारीख सकाळीच बदलायला लागले आणि वाचनालय सव्वासहाला बंद होऊ लागलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही. इतकंच केलं मी. ठाण्यात गेले नाही. तुझ्याकडे आले नाही. तू तोवर तुझ्या भावाकडे निघून गेली होतीस आणि दादाने तुझी शिवणयंत्रंही मागून पाठवली होती. नोकरी जाईल अशी भीती नव्हती; फार तर समज मिळाली असती. मला चुकायची सवय नव्हती, वहिनी. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

दुसरं असं की ती नाहीशी झाली त्या मंगळवारी साडेपाचनंतर खारू पुस्तक द्यायला आली, तेव्हा मी आतल्या खोलीत होते. मध्ये एक दार, तेही अर्धवट लोटलेलं. साडेपाच ते सहा मला कोणी हाक मारायची नाही, अशी शिपाईदादांना माझी ताकीद होती. तिने आत्या आहे का असं विचारलं असेल, किंवा भांडणाच्या तिरीमिरीत विचारलंही नसेल. शिपाईदादा वारले तोवर मी त्यांना हे विचारू शकले नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, म्हणूनच विचारलं नाही.

सहा वर्षांपूर्वी दादा गेला तेव्हा तू आली होतीस. सगळे गेल्यावर आपण दोघी स्वयंपाकघरात भांडी पुसत होतो. तू ताट पुसता पुसता म्हणालीस, “बुधवारच असेल गं. मीच चुकले असेन. इतके जण म्हणतात, तर मीच चुकले असेन.” मी ते ताट तुझ्या हातातून घेतलं आणि मांडणीवर लावलं. अट्ठावीस वर्षं पोलिसांनी, नवऱ्याने, शेजाऱ्यांनी सांगून जे झालं नव्हतं, ते आता झालं होतं, आणि मी तुझ्या शेजारी फडकं घेऊन उभी राहून ते होऊ दिलं. जबाबापेक्षा मला हे जास्त जड जातं.

त्यानंतरही सहा वर्षं गेली. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, गुडघे गेले, वाचनालयात शिक्का जाऊन यंत्र आलं. रोज सकाळी वाटायचं, आज लिहावं. मग दूध यायचं, पेपर यायचा, आणि दिवस निघून जायचा. फार थकले आहे मी, पण ते राहू दे. तू माझ्याहून जास्त थकली असशील.

आता मुख्य. फाईलमध्ये बस स्थानकाच्या तिकीट खिडकीवरच्या माणसाचा जबाब आहे. मंगळवारी सव्वासहाला हिरव्या फ्रॉकमधल्या एका मुलीने त्याला साडेसहाच्या गाडीचं विचारलं होतं, आणि ती त्या गाडीत चढताना त्याने पाहिली होती. बाजूला कोणीतरी लाल पेन्सिलीने लिहिलं आहे, ‘वार जुळत नाही’, आणि पान उलटलं आहे. तो माणूस आता हयात नाही. पण त्या गाडीचा चालक आहे. ऐंशीचा आहे, मुलीकडे राहतो, स्मरण शाबूत आहे. अधिकारी बाई त्याला भेटणार आहे, पण आधी तुला. कारण सहा वर्षांपूर्वी, दादाच्या मागे कागदपत्रं करताना, तू ठाण्यात सही केली होतीस की वाराबद्दल तुला खात्री नाही. माझा जबाब आता मंगळवार म्हणतो आणि तुझा म्हणत नाही. दोघींचे वार पुन्हा वेगळे पडले तर ते पान पुन्हा उलटलं जाईल.

म्हणून हे पत्र. माफीसाठी लिहिलेलं नाही. ती मागायला मी स्वतः येईन, तू दार उघडलंस तर. गुरुवारी ती बाई तुला विचारेल तेव्हा ‘आता आठवत नाही’ असं कंटाळून म्हणू नकोस. तुझी आठवण पहिल्या दिवशी बरोबर होती आणि आजही बरोबर आहे. चुकला तो माझा शिक्का. तू जे त्या पहिल्या संध्याकाळी माझ्या दारात स्वेटर हातात धरून सांगितलंस, तेच सांग, त्याच शब्दांत. ती हिरवा फ्रॉक घालून गेली होती, हे तूच तेव्हा सांगितलं होतंस, आणि खिडकीवरच्या माणसाने तुला कधी पाहिलंही नव्हतं.

तुझीच,
नणंद

शनिवारी सकाळी अकराला अधिकारी बाईंच्या हाती दिलं ते: माझा नवा जबाब, चार पानं, प्रत्येक पानावर सही. त्या वर्षीची देवघेव नोंदवही, एक. निवृत्त होताना मी ती घरी आणली होती, तेही जबाबात लिहिलं आहे. खारूचं सभासद कार्ड, फोटोसह, एक. या सगळ्याची पोच मिळाली. या पत्राबरोबर तुला: जबाबाची प्रत, एक. त्यातलं तिसऱ्या पानावरचं शेवटचं वाक्य मी सांगून घातलं आहे: ‘मुलीची आई पहिल्यापासून खरं सांगत होती.’