धुतलेलं कोकरू

प्रिय ठकू,

पाकिटावर माझं अक्षर बघून आधी छातीत धस्स करून घेऊ नकोस. आई ठणठणीत आहे, मी दोन वेळा पोटभर जेवतो आहे, आणि लाँड्रीचा बॉयलर नेहमीसारखाच कुरकुरत चालू आहे. एक दिवसाआड फोनवर बोलणारा बाप आता पत्र कसलं लिहितोय, असं तुला वाटेल. पण फोनवर मी ‘बरं, मग बाकी काय’च्या पुढे सरकत नाही हे तुला ठाऊक आहे. शिवाय मी विषय काढला की तू म्हणणार, जाऊ द्या हो बाबा. आणि तू तसं म्हणालीस की मी लगेच जाऊ देणार. तेवढा लबाड मी आहे. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

तुझ्याकडे राहून आल्यापासून माझं कशात लक्ष नाही. परवा एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही इस्त्रीखाली विसरलो. आईने बाहीचं भोक बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कोट स्वतःच रफूवाल्याकडे घेऊन गेली. म्हणजे तिला निम्मं कळलंय.

त्या दिवशी बस मला फाट्यावर सोडून गेली तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. नजर जाईल तिकडे काटेरी झुडपं, धूळ, आणि लांबवर गरगरणारी ती एकुलती एक पवनचक्की. झाड म्हणावं असं काही नाही. जावईबापू जीप घेऊन आले, वाकून नमस्कार केला, माझी पिशवी उचलली. भला माणूस. पण जीपमध्ये बसल्या बसल्या तो वास आला. ठकू, माझा जन्म कपड्यांचे वास घालवण्यात गेला. लोकांचा घाम, सिगारेट, तेल, आजारपण, सगळं माझ्या नाकाखालून गेलंय. पण ओल्या लोकरीचा, लेंडीचा आणि दुधाचा तो मिसळलेला वास काही केल्या नाकातून जाईना. आणि तू धावत येऊन मला मिठी मारलीस, तर तोच वास तुझ्या केसांना! मी मान जराशी मागे घेतली. तुला वाटलं असेल, बाबांची मान अवघडली. अवघडली नव्हती.

कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट घालून मेंढ्यांच्या वाड्यात फिरणारा मी बहुतेक पहिलाच महाभाग असेन. तू हौसेने सगळं दाखवत होतीस. पाण्याचे हौद, लोकर कातरायची ओसरी, व्यायलेल्या मेंढ्यांचे ते फळ्यांनी आखलेले छोटे छोटे कप्पे. मी मात्र तुझे हात बघत होतो. भेगा पडलेले, नखांत काळं भरलेलं. साध्या कपबश्या विसळायला सांगितल्या तरी नाक मुरडणारी माझी पोरगी ती हीच का, असं मनात येत होतं. आता खरं काय ते ऐक. मी नुसता तुला भेटायला आलो नव्हतो. तुझी खोली रंगवून घेतली होती, खिडकीला नवी जाळी बसवली होती. लग्न करून हौस फिटली असेल तर सरळ घरी चल, कोणी काही विचारणार नाही, असं सांगायला आलो होतो. वाक्यसुद्धा बसमध्ये घोकून ठेवलं होतं.

जेवताना तू त्या कोकराची गोष्ट सांगत होतीस. विहीणबाई मध्ये मध्ये दुरुस्त्या करत होत्या. त्यांचा आवाज म्हणजे काय सांगू, पलीकडच्या टेकडीवरची मेंढीही मान वर करेल. सगळे हसत होते, मीही हसत होतो, पण एक अक्षर ऐकत नव्हतो. माझं आपलं चाललं होतं की तुला एकटीला कधी गाठू. तू मधूनच डोळे मोठे करून म्हणालीस की हे कोकरू मेंढीने जवळ घेतलं तर यंदापासून पिल्लांचा सगळा वाडा सासूबाई तुझ्या हवाली करणार आहेत. एवढं मात्र माझ्या कानात शिरलं, आणि माझा धीरच खचला. म्हणजे ही इथेच मुळं धरणार.

उजाडायच्या आधीच मला जाग आली. थंडी मरणाची होती. चहाची चाहूल लागेना म्हणून शाल गुंडाळून वाड्यात गेलो. एका कप्प्यात एक मेंढी आडवी पसरली होती आणि तिच्या अंगाला चिकटून तुझं ते कोकरू. त्याच्या अंगावर काय होतं, तर रक्ताने माखलेलं, चिकट, घाण वासाचं एक कातडं. पायाशी भोकं पाडून बंडीसारखं चढवलेलं. मला शिसारी आली. वाटलं, काय माणसं आहेत ही! एवढ्याशा जिवाला कुणाचं तरी सडकं कातडं घालून ठेवलंय, आणि माझी पोर असल्या घरात नांदतेय. मी ते कोकरू उचललं, कातडं धागे कापायला नेहमी खिशात असते त्या कात्रीने कापून काढलं आणि मागच्या उकिरड्यावर फेकलं. कुत्री टपलेलीच होती. मग चुलीवर पाणी कोमट केलं, माझ्या पिशवीतला लाँड्रीचा साबण घेतला आणि त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत स्वच्छ धुतलं. कोमटच हं, लोकरीला कढत पाणी लावायचं नाही हे पोरांना ओरडून सांगण्यात माझा घसा गेलाय. शालीने कोरडं केलं, चांगलं फुलवलं, आणि मोठं पुण्याचं काम केल्यासारखं परत मेंढीपाशी ठेवलं.

तिने वास घेतला. एकदा घेतला, परत घेतला. आणि डोक्याने अशी धडक मारली की ते फळीवर आपटलं. ते उठून परत गेलं, तिने परत मारलं. मला काही समजेना. आणि मग तुझं जेवतानाचं बोलणं, जे मी ऐकलं नव्हतं, ते तुकड्यातुकड्याने आठवायला लागलं. तिचं पोर मेलेलं जन्मलं, आणि याची आई बाळंतपणात गेली, म्हणून तिच्या मेलेल्या पोराचं कातडं तू स्वतःच्या हाताने सोलून याला घातलंस. वास आपल्या पोराचा आला की मेंढी त्याला पाजते. दोन दिवस निभले की कातडं काढायचं, तोवर तिचंच दूध पिऊन याच्या अंगाला तिचाच वास लागलेला असतो. बरोबर ना? आणि मी तो वास साबण लावून घालवला. त्यात तर माझा हातखंडा.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून ऐक. विहीणबाई आल्या, त्यांनी आकांडतांडव केलं. तू धावत आलीस, कोकरू उचललंस, नाकाशी धरलंस. आपला साबण तुला कळणार नाही तर कोणाला? लहानपणी लाँड्रीत त्याच साबणाच्या पिंपाशेजारी बसून अभ्यास केलास. तू माझ्याकडे एकदाच बघितलंस आणि म्हणालीस, मीच धुतलं, मला वाटलं आता चालेल. विहीणबाई सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलल्या. शहरातल्या बाहुल्यांनी घरातच बसावं, म्हणाल्या. आणि मी? मी चहाचा कप हातात धरून उभा होतो. माझ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या आणि त्या कुणाला दिसू नयेत म्हणून मी शाल पुढे ओढून घेतली.

घाबरलो म्हणून गप्प बसलो असं असतं तर एवढी लाज वाटली नसती. ठकू, मला बरं वाटलं. तुला बोलणी बसत होती आणि माझ्या मनात आलं, होऊ दे, आता हिला कंटाळा येईल, आता ही माझ्याबरोबर बसमध्ये बसेल. बाप असा विचार करू शकतो हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. तू मात्र मला जीपपर्यंत सोडायला आलीस, थंडी वाजेल म्हणून अंगातला स्वेटर काढून माझ्या खांद्यावर टाकलास, आणि पोचलात की फोन करा म्हणालीस. घोकलेलं वाक्य माझ्या घशातच राहिलं.

तो स्वेटर मी धुतलेला नाही. घरी आल्या आल्या आईने तो हातात घेतला, मला वाटलं नाक मुरडेल. तिने तो तोंडाशी धरला. मग घडी न घालता आपल्या उशाशी ठेवला. मी धुवायला मागितला तर माझ्या अंगावर अशी खेकसली की विचारू नकोस.

परवा तू सहज म्हणालीस, हल्ली मी घरातच असते, वाड्याकडे सासूबाईच बघतात. ते ऐकल्यापासून मी रात्री उठून इस्त्री करत बसतो. ते कोकरू जगलं की नाही हे विचारायचीही हिंमत झाली नाही. म्हणून हे पत्र. पण हे फक्त तुझ्यासाठी नाही. सगळी जेवायला बसली की हे मोठ्यांदा वाच. विहीणबाईंच्या आवाजाबद्दल लिहिलंय तेही वाच, सडक्या कातड्याचं वाच, मला बरं वाटलं ते तर नक्की वाच. एक ओळसुद्धा गाळू नकोस, बाबांची लाज राखायला म्हणून तर मुळीच नको. एकदा राखलीस तेवढी पुरे. वाचून झालं की पत्र विहीणबाईंच्या हातात दे, म्हणजे अक्षर माझंच आहे याची त्यांनाही खात्री होईल. आणि मग ऊठ, हात धू नकोस, तशीच वाड्यात जा.

ओल्या बाह्या लपवणारा, तरीही तुझाच,
बाबा