ट्यूबच्या पाच रिंगा

सोमवार, ६ जानेवारी

स्वतःच्या हातानं केलेलं, सगळं बायकोसाठी, सुमनसाठी: पलंग, डोक्याकडची बाजू मोटारीच्या जॅकवर उचलणारा. अंघोळीची खुर्ची, सायकलच्या चाकांवर. सलाइनचा स्टँड, साडेपाच फूट. डाव्या हाताला बसेल असा वाकवलेला चमचा, कारण उजवं अंग गेलं होतं. उशाशी घंटा, दोरी बोटाला. आणि रिंग. स्कूटरची ट्यूब, हवा निम्मी, वर जुन्या धोतराच्या पट्टीचे तीन थर, व्हॉल्व्ह आत वळवलेला म्हणजे टोचत नाही. मधली पोकळी नऊ इंच. माकडहाड त्या पोकळीत राहतं, कशालाच टेकत नाही. सगळ्यांत ही जमली. बघून लोकांनी मागितल्या, आणखी चार करून दिल्या.

यादी मोहिते सिस्टरनी मागितली. घरी रुग्णाचं काय केलंत ते लिहून आणा, मुलाखतीला लागेल. रुग्णसहायकाचा कोर्स, सहा महिने, अलिबाग. आधी दोन आठवडे तयारीवर्ग. दहावी हवी होती, ती १७ नंबरचा फॉर्म भरून गेल्या वर्षी काढली, एक्कावन्नाव्या वर्षी. सकाळी वर्ग, दुपारनंतर गॅरेज. बाकी सगळी पोरं. मुरुडची नसरीन त्यातल्या त्यात मोठी, सव्वीस. मला काका म्हणते.

रिंगेखाली एक ओळ घातली: मेहुणा विलास हवेची गादी भाड्यानं ठरवून आला होता, गरज पडली नाही. त्या गादीला मोटर असते. लाइट गेली की गादी बसते. रिंग लाइटवर चालत नाही.

बुधवार, ८ जाने.

रुग्णाला कुशीवर वळवणं. नसरीन पेशंट झाली. "काका, हळू. मी बोटीचं इंजिन नाही." सगळे हसले. पण सिस्टर म्हणाल्या, हात सवयीचा आहे. बरं वाटलं.

मग म्हणाल्या, त्वचा लाल झालेली जागा चोळायची नाही. मी: आम्ही खोबरेल लावून चोळायचो. "किती दिवस?" अडीच वर्षं. त्या एवढंच म्हणाल्या, आता चोळायचं नाही. कारण विचारलं. आतलं मांस आधीच दुखावलेलं असतं, चोळून आणखी फाटतं. लिहून घेतलं. पटलं नाही.

शुक्रवार, १० जाने.

नमुन्याला एक नवी रिंग शिवून वर्गात नेली. दाखवायला. कशाला नेली.

सिस्टरनी हातात घेतली, उलटसुलट केली. "शिवण सुरेख आहे हो." मग नसरीनच्या हातावर स्टीलचा पेला पालथा दाबून धरला. वर्तमानपत्रातलं काहीतरी बोलत बसल्या. उचलला तेव्हा काठाचा पांढरा गोल, आणि मधे कातडी फुगून निळसर. "काठ चहूबाजूंनी रक्त अडवतो. मधली जागा टेकत नाही, पण उपाशी राहते. म्हणून रिंग हल्ली वापरत नाहीत."

मी म्हणालो, पेला कडक असतो, ट्यूब मऊ. "थोडा फरक पडतो, काका. थोडाच."

गॅरेजमध्ये येऊन मांडीखाली रिंग घेऊन बसलो, हवा निम्मी, नेहमीसारखी. कार्ब्युरेटर उघडून साफ करून परत बसवेपर्यंत. उठून बघितलं.

सिस्टरचं खरं आहे.

शनिवार, ११ जाने.

सु. म्हणायची, "अहो, काढा ना जरा ती. सपाट निजते." पुष्कळदा म्हणायची. मी म्हणायचो, तुला काय कळतंय, पोकळीत आहे म्हणूनच बरं आहे. एकदा घंटा वाजवून बोलावलं आणि नुसती बघत राहिली. मी रिंग सरळ केली आणि गेलो.

जखम माकडहाडावरच झाली. बरोबर मधे. मला वाटलं, रिंग नसती तर आणखी मोठी झाली असती. तसं चार लोकांना सांगितलंही.

विलासला फोन केला. कसा आहेस वगैरे झालं. मग विचारलं, सुमनची जखम वाढली तेव्हा तुला काय वाटलं होतं?

"आता कशाला ते, भावोजी? तुम्ही केलंत तेवढं कोण करतं?"

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

रविवार, १२ जाने.

पाच रिंगा परत आणायच्या. निघाल्यावर कळलं, काही तर दिल्या त्या घरांत नाहीतच. माणूस गेलं की आजारपणाची वस्तू आपल्याकडे घरात ठेवत नाहीत. तेराव्यानंतर ज्याला गरज त्याच्याकडे जाते. मीही सु.ची तशीच दिली होती.

थेरोंड्यात एक माळ्यावर मिळाली. चौलला दोन, एकाच वाडीत. आप्पांच्या सुनेनं लगेच काढून दिली. "आमचे आप्पा कधीचे फेकून द्या म्हणतायत. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ठेवली होती." आप्पा खाटेवरून म्हणाले, "अरे, बसलं की बेडकासारखं वाटतं." हसायला हवं होतं मी.

चौथी कोळीवाड्यात हिराबाईकडे. तिची सासू दीड वर्ष अंथरुणाला. हिराबाई सुकट पसरत होती, उठलीसुद्धा नाही. "न्हाय देनार. तुमीच म्हनलात ना, यावर निजली की दुखनार न्हाय? आता तुमीच काडून न्यायला आलात व्हय?" सांगितलं, चूक झाली. "चूक झाली तर तुमची. माजी म्हातारी का रस्त्यावर टाकू?"

मला म्हातारीला बघू दे म्हटलं. दोघांनी मिळून वळवली. कुल्ल्यांवर गोल उमटलेला होता, पट्टीच्या विणीसकट. मधे लाल. बोट दाबून बघितलं, लाली जात नव्हती. सिस्टरनी सांगितलंय, न जाणारी लाली म्हणजे सुरुवात.

हिराबाईनं पण बघितलं. मग रिंग माझ्या अंगावर टाकली. "मग या रोज, आनि निजवा तुमीच."

मंगळवार, १४ जाने. संक्रांत

सकाळी वर्गाआधी आणि संध्याकाळी, दोन वेळा कोळीवाडा. पोटरीखाली उशी, टाचा अधांतरी, पाठीशी गुंडाळलेली गोधडी, एकदा डावी कूस, एकदा उजवी. मधल्या वेळी हिराबाईनं वळवायचं. कसं ते शिकवलं. माझ्यापेक्षा लवकर शिकली. काल सरकारी दवाखान्याची ताई येऊन बघून गेली, म्हणाली, असंच चालू ठेवा. हिराबाई गल्लीत ओरडून सांगते, "आली बगा आमची नर्सबाय!" म्हातारीनं बोळक्या तोंडात तिळगूळ धरून ठेवला आणि मला म्हणाली, "गोड बोल." मी कुणाशी गोड बोललोय.

वर्गात नसरीनला तिळगूळ दिला. पाचव्या रिंगेचं सांगितलं. पाचवी म्हणजे पहिली, सु.ची. साळावला गेली होती, तिथून मुरुडकडे कुणाच्या तरी मावशीला. पुढे पत्ता नाही. "काका, मोहल्ल्यात विचारते. अम्मीला सगळ्यांची आजारपणं माहीत असतात."

तिला ओळखायची खूण सांगितली: व्हॉल्व्हजवळ निळ्या दोऱ्याचे सात टाके. पांढरा संपला होता.

गुरुवार, १६ जाने.

सिस्टरना एकट्यात विचारलं. रिंगेमुळेच झालं का? जखमेतून ताप, मग दवाखाना, मग…

त्या म्हणाल्या, एकाच गोष्टीनं होत नसतं. साखर होती का? होती. खाणं कमी होतं का? होतं. "मग कसं सांगणार?"

मशीन बंद पडलं तर मला कारण सापडेपर्यंत झोप येत नाही. इथे कारण सापडणारच नाही, असं त्या सांगत होत्या. प्रेमानंच सांगत होत्या.

शनिवार, १८ जाने.

म्हातारीची लाली उतरतेय. बोट दाबलं की पांढरं होतं, परत भरतं. हिराबाईनं दोन बांगडे दिले. नको म्हटलं. "आमच्या दारातनं रिकामं न्हाय जायाचं." घेतले.

यादी पक्की केली. रिंग खोडली. तिच्याखालची हवेच्या गादीची ओळही खोडली. पट्टी धरून एकेक रेघ.

सोमवार, २० जाने.

मुलाखत. मोहिते सिस्टर आणि एक डॉक्टर, तरुण. यादी वाचली. पलंगाचा जॅक कसा बसवला ते डॉक्टरांनी नीट विचारलं, मी कागदावर काढून दाखवलं.

"हे काय खोडलंत?"

रिंग होती. चुकीची होती. पाचांतल्या चार परत आणल्या.

डॉक्टरांनी मान हलवली, चांगल्या अर्थानं. मग सहज विचारल्यासारखं, "मिसेसना हवेची गादी नाही मिळाली का?"

"आमच्याकडे खेड्यात कुठे मिळणार, साहेब."

तोंडातून गेलं. डॉक्टर म्हणाले, हो, तो प्रश्न आहेच. कागद सिस्टरच्या हातात होता, नजर खोडलेल्या ओळींवर. मी एकच रेघ मारतो, सरळ. खालचं वाचता येतं.

दारापर्यंत जाऊन थांबलो होतो. पुढचा मुलगा आत आला.

निकाल शुक्रवारी. नसरीनचा फोन: एकदऱ्याला एका घरी रिंग आहे म्हणतात. निळा दोरा आहे का, ते उद्या जाऊन बघते.

गादी मिळत होती. विलास टेम्पोत घालून दारापर्यंत घेऊन आला होता, सु. आतून बघत होती, मी टेम्पो तसाच परत पाठवला. भाडं महिना अठराशे. निम्मं विलास भरणार होता. माझ्या वाट्याला नऊशे रुपये.